जुन्या भुताच्या मालिका: नक्की कशाची भीती वाटायची? (आहट, झी हॉरर शो वगैरे)

मीनल_घोडबंदर

मंडळी, गेला महिनाभर आमच्याकडे एक नवीनच प्रकार चालू आहे. रात्रीची जेवणं आवरली की मी आणि माझी लेक (वय ११, सहावीत आहे) जुन्या भुताच्या मालिकांचे एपिसोड लावून बसतो. सुरुवात अशी झाली की तिच्या मैत्रिणी हल्ली परदेशी हॉरर बघतात आणि शाळेच्या बसमध्ये त्याच्याच गप्पा, तर मी बोलून गेले की आमच्या लहानपणी यापेक्षा भयंकर लागायचं टीव्हीवर, आता बोलले म्हटल्यावर दाखवणं आलंच.

मी नौपाड्यातल्या चाळीत वाढले. आमच्याकडे टीव्ही होता पण केबल नव्हती, केबल शेजारच्या काकूंकडे. झी हॉरर शो १९९३ चा, तो सुरू झाला तेव्हा मी फारच लहान होते, मला बाहेर काढायचे, पण १९९५ मध्ये सोनीवर आहट आलं तोवर मी हट्ट करून बसण्याएवढी झाले होते. काकूंच्या घरात दहा-बारा जणं, सगळ्यांत पुढे आम्ही पोरं गोधडी घेऊन. खरा प्रश्न यायचा एपिसोड संपल्यावर. संडास गॅलरीच्या टोकाला, चाळीस वॉटचा पिवळा बल्ब, पत्र्याचं दार, आणि कडी अशी की आतून ओढून धरावी लागायची. आई बाहेर उभी राहायची आणि मी आतून दर दहा सेकंदांनी "आई आहेस ना?" आणि ती "आहे गं" असं आमचं चालायचं. एकदा तिने उत्तर दिलंच नाही. कोणीतरी जिन्यावरून येत होतं त्यांच्याशी बोलायला वळली होती एवढंच, पण त्या चार-पाच सेकंदांत माझं जे झालं ते आजही तळहाताला आठवतं, कडी किती गार होती ते सुद्धा.

आता चाळीस ओलांडल्यावर तेच एपिसोड बघताना सगळं दिसतं. तोच बंगला पुन्हा पुन्हा, तोच धूर, भुताच्या चेहऱ्याला पांढरी पावडर आणि मानेपासून खाली चांगला गव्हाळ रंग. लेक भूत आलं की खळखळून हसते. पण परवा एका एपिसोडमध्ये नुसता एक लांब पॅसेज होता, टोकाला अर्धवट उघडं दार, कुठेतरी नळ ठिबकतोय, माणूस नाही भूत नाही काही नाही, आणि ही माझ्या हाताला धरून म्हणाली आई पॉज कर.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. भुताची भीती वाटतच नव्हती बहुतेक, ते येईपर्यंत जो वेळ जायचा त्याची वाटायची. तुम्हाला काय वाटतं? कोणाला काय आठवतं ते लिहा प्लीज, लेकीला वाचून दाखवणार आहे.

नेरुळचा_बंड्या

ताई, मस्त धागा. माझं सांगतो.

आम्ही १९९४ ला नेरुळला सिडकोच्या घरात राहायला आलो. वाशीपर्यंत लोकल येऊन दोन वर्षं झाली होती, बेलापूरपर्यंत तर जेमतेम एक, आणि आमच्या सेक्टरमध्ये अर्ध्या घरांना कुलपं. आज जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही तिथे तेव्हा रात्री नऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. पलीकडे खाडी आणि खारफुटी. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत सेकंड शिफ्टला, कंपनीची बस त्यांना साडेअकराला सोडायची, तोपर्यंत आई, मी आणि ताई.

आईला भुताचं आवडायचं नाही, ती आत भांडी घासत असायची. आम्ही दोघं बघत होतो. कुठलीशी मालिका, नाव खरंच आठवत नाही, आणि त्यात जंगलाचा सीन होता, लांबून कोल्हे ओरडतायत असा आवाज. ताई घाबरली, तिने उठून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला (रिमोट नव्हता आमच्याकडे). टीव्ही मुका झाला. आणि कोल्हे ओरडतच होते.

खिडकीतून येत होता आवाज. खारफुटीत कोल्हे आहेत हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं, आम्ही दादरहून आलेलो. आई ओल्या हाताने बाहेर आली, तिने खिडक्या लावल्या, टीव्ही बंद केला आणि आम्हाला दोघांना जवळ घेऊन बसली बाबा येईपर्यंत. ताई आता पन्नाशीला आली, अजून ती मालिका म्हटलं की तिला टीव्ही नाही आठवत, खिडकी आठवते.

स्मिता_पाचपाखाडी

बंड्या, अंगावर काटा आला वाचताना!! मुका टीव्ही आणि बाहेरून आवाज, असा सीन कोणी लिहिला तरी सुचणार नाही.

साउंडवाला_दादा

मीनलताई, तुमचा पॅसेज आणि नळ वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी बारा वर्षं साउंडमध्ये होतो, आधी लोकेशनवर बूम (लांब काठीवरचा माइक) धरायचो, मग स्टुडिओत असिस्टंट. घोडबंदर रोडचे स्टुडिओ, येऊरचे बंगले, मढ आयलंडचे बंगले, सगळीकडे रात्री काढल्यात. यातल्या काही भुताच्या मालिका होत्या. नावं नको घ्यायला, पण काम सगळीकडे साधारण सारखंच.

पहिलं म्हणजे पैसे नसायचे हे खरं आहे. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती काढून बावीस-तेवीस मिनिटांची गोष्ट, आणि ती दोन-तीन दिवसांत संपवायची. रात्रीचं शूट परवडत नाही कारण जनरेटर, लाइट, युनिटचं रात्रीचं जेवण, सगळंच वाढतं, म्हणून बरीचशी "रात्र" दिवसा शूट व्हायची. खिडक्यांना काळं कापड मारायचं, लाइटला निळी जिलेटिन लावायची, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर खाली आणायचं आणि फ्रेममध्ये आकाश येऊ द्यायचं नाही. दुपारी दोन वाजता बाहेर लख्ख ऊन आणि आत लाइटदादा अमावास्या लावतायत. धूर टाकायचा तोही नुसता भीतीसाठी नाही, धुराने मागची भिंत पुसट होते, सेटवर काय काय नाहीये ते झाकलं जातं.

रक्त म्हणजे साखरेच्या पाकात खायचा लाल रंग आणि जरा कॉफी पावडर, नाहीतर ते सरबत दिसतं. हाड मोडल्याचा आवाज मुळ्याचा. खरंच, बाजारातून जाड मुळे आणायचे आणि माइकजवळ पिळून मोडायचे. चामड्याचा जुना पट्टा दोन्ही हातांनी पिरगळला की फासाचा दोर ताणल्यासारखा आवाज येतो. दाराच्या करकरीसाठी आम्ही एक बिजागरी लाकडी फळीला ठोकून ठेवली होती, तिला कोणीही तेल घालायचं नाही असा नियम होता.

पण तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर यात नाही. माझे सर एक गोष्ट शिकवायचे. म्हणायचे भूत यायच्या आधी काय वाजवायचं हा विचार नंतर कर, आधी काय बंद करायचं ते ठरव. रात्रीच्या सीनखाली रातकिड्यांचा आवाज लावलेला असतो, तो बघणाऱ्याला ऐकूच येत नाही, सवय होते मिनिटभरात. मग भूत यायच्या आठ-दहा सेकंद आधी तो हळूच काढून घ्यायचा. पडद्यावर काहीच बदललेलं नाही, पण बघणारा ताठ बसतो आणि त्याला कळत नाही का. खऱ्या रानातही कोणी चालत आलं की किडे गप्प होतात, कानाला ते माहीत असतं. त्या सीनमध्ये तुमच्या लेकीने पॉज कर म्हटलं तिथे परत जाऊन ऐका, माझी खात्री आहे की नळ सोडून बाकी सगळं काढलेलं असेल.

आणि झी हॉरर शो करणाऱ्या रामसे बंधूंबद्दल सांगायचं तर, सात भाऊ होते, वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान, फाळणीनंतर मुंबईत आले. भावांनी कामं वाटून घेतली होती, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, कुमार लिखाण, गंगू कॅमेरा, अर्जुन एडिटिंग आणि किरण साउंड. घरातला एक अख्खा भाऊ साउंडला दिलेला! १९७२ चा त्यांचा पहिला मोठा भुताचा सिनेमा महाबळेश्वरला अगदी थोड्या पैशांत झाला, झी हॉरर शो त्याच वळणाचा. लोक फक्त मुखवट्यांबद्दल बोलतात त्याचं मला वाईट वाटतं.

मीनल_घोडबंदर

दादा, परत जाऊन ऐकलं. रातकिडे जातात!!! नळाच्या दुसऱ्या थेंबानंतर. इतक्या वर्षांत हे कधीच लक्षात आलं नव्हतं. लेक म्हणते तुम्ही जादूगार आहात.

प्रश्नचिन्ह_कळवा

छान चाललंय, मीही हे सगळं आवडीने बघायचो. पण एक बाजू सांगणं मला भाग आहे.

गोष्ट म्हणून भूत दाखवा, काहीच हरकत नाही. मला त्रास होतो तो "सत्य घटनेवर आधारित" या पाटीचा. २०१० नंतर अशा पाटीच्या मालिका वाढल्या. आमच्या मुरबाडकडच्या नात्यात एक वहिनी आहे. बाळंतपणानंतर तिला झोप येईना, स्वतःशी बोलायची, बाळाला जवळ घ्यायला घाबरायची. घरच्यांनी ठरवलं की बाहेरचं आहे. मी समजवायला गेलो तर तिचे सासरे मला म्हणाले, अरे टीव्हीवर दाखवलं परवा, अगदी हेच, सेम हीच लक्षणं, आणि ती खरी घटना होती. चार दिवस तिला एका बाबाकडे नेलं, मिरचीची धुरी दिली. नंतर ठाण्याला डॉक्टरांकडे आणली, बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो, औषधाने बरी झाली. बाळ आता शाळेत जातं. पण त्या चार दिवसांबद्दल ती आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही आणि घरात कोरडी मिरची भाजायला घेतली की उठून बाहेर जाते.

दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली, त्यानंतर काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हे त्या कायद्यात स्पष्ट गुन्हा म्हणून लिहिलंय. आणि केबल टीव्हीचे १९९४ चे नियम आहेत त्यातही अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असं आहे. नियम होतेच की. आहट मला आवडायचं याचं एक कारण हेही होतं की सुरुवातीच्या कितीतरी गोष्टी भुताच्या नसायच्याच, खुनाचं रहस्य निघायचं, माणसाने माणसाला फसवलेलं असायचं.

रात्रपाळी

प्रश्नचिन्ह दादा, तुमच्या वहिनीबद्दल वाचून गलबलून आलं. मी नर्स आहे, सरकारी दवाखान्यात एकोणीस वर्षं, त्यातली अकरा बाळंतिणींच्या वॉर्डमध्ये, म्हणून मला यावर लिहायचंच आहे.

हडळ म्हणजे कोण हे आठवा. बाळंतपणात मेलेली बाई. आपल्याकडे गावोगाव हडळीच्या गोष्टी आहेत कारण गावोगाव बाया बाळंतपणात मरत होत्या, रक्तस्रावाने, तापाने, दवाखाना दहा कोसांवर म्हणून. ज्या घरात सून अशी गेली त्या घराला मनात कुठेतरी ठाऊक असायचं की आपण तिला वेळेत नेलं नाही. ती परत येणार याची भीती त्यांना वाटणारच ना. मला तरी हडळीची गोष्ट म्हणजे त्या घराचं ओझं वाटतं.

आणि टीव्हीवरचं भूत बहुतेक वेळा बाईच का असतं यावर खूप जण चिडतात, पांढरी साडी, मोकळे केस, पुरे झालं म्हणतात, मला मान्य आहे. पण बघणाऱ्या बायकांचं काय व्हायचं ते मी आमच्या घरात पाहिलंय. माझी आजी कळव्याच्या आमच्या घरात पलंगावर पाय घेऊन बसायची, हातात अडकित्ता. बाकी सगळे घाबरून गप्प असायचे. पहिल्या भागात सून जळलेली किंवा विहिरीत ढकललेली, दुसऱ्या भागात ती परत आलेली, आणि तिने सासऱ्याला किंवा नवऱ्याला गाठलं की आजी सुपारी कातरता कातरता शांतपणे म्हणायची, "बरं केलंन." एकदा नाही, दरवेळी. आजोबा बाजूला बसलेले असायचे, ते काही बोलायचे नाहीत.

आम्ही घरातल्या बायका भुताच्या बाजूने असायचो. तेव्हा हे कळत नव्हतं, आता कळतंय. जिवंतपणी जिचं कोणी ऐकलं नाही ती मेल्यावर बोलतेय म्हणून आम्ही बघायचो.

रात्रपाळीत मला कोणी विचारतं भीती नाही वाटत का. वॉर्डमधली एखादी बाई अचानक गप्प झाली की वाटते. साउंडवाल्या दादांचं रातकिड्यांचं वाचलं आणि मला तेच आठवलं.

स्मिता_पाचपाखाडी

ताई... काय लिहिलंत. "बरं केलंन" डोक्यातून जात नाहीये.

ऐरोलीतला_मालवणी

रात्रपाळीताईंनी हडळीचा अर्थ सांगितला त्याला जोडून माझं जुनं दुखणं मांडतो.

हिंदी मालिकांमधलं भूत एकच, "आत्मा", आणि तिला एकच काम, बदला. आपल्याकडची भुतं तशी आहेत का? प्रत्येकाचं घराणं वेगळं, नियम वेगळे. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो, पोरकट असतो, छळतो पण पोरासारखा. गिऱ्हा पाण्यातला, नदीकाठी ओढून नेणारा. चकवा तर दिसतच नाही, तो फक्त वाट चुकवतो, रात्रभर त्याच तीन शेतांत फिरवतो आणि पहाटे कोंबडा आरवला की तुम्ही आपल्याच घरामागे उभे. हाकामारी दारात येऊन ओळखीच्या आवाजात हाक मारते, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. यातल्या कशाला पैसे लागतात सांगा? चकव्याला तर मेकअपसुद्धा नको, एक माणूस, एक बांध आणि तोच आंब्याचा बुंधा तिसऱ्यांदा समोर आलेला, बास.

आणि देवचार! आमच्याकडे देवचार राखणदार, गावाच्या सीमेवर फिरतो, त्याच्या काठीचा आवाज येतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो असं मानतात. त्याला वर्षाला त्याचा मान द्यायचा. आजी रात्री त्याचा विषय निघाला की म्हणायची "तेचा नाव घेव नको आता", पण तिच्या आवाजात भीती कमी आणि आदर जास्त. गावच्या म्हाताऱ्या मामाबद्दल बोलावं तसं. असं भूत मी टीव्हीवर कधी नीट पाहिलं नाही.

मराठीत प्रयत्न झालेत. रत्नाकर मतकरींची गहिरे पाणी ही मालिका आठवते का कोणाला, तिच्यात भूत क्वचितच, माणसाच्या डोक्यातलंच जास्त. नारायण धारपांच्या कथांवरची अनोळखी दिशा पण होती. रात्रीस खेळ चाले २०१६ ला आलं तेव्हा आम्ही खूप खूश झालो होतो, सावंतवाडीजवळचं आकेरी, आमची भाषा पहिल्यांदा रोज रात्री टीव्हीवर, आणि त्याच वेळी आमच्याच जिल्ह्यातून तक्रारी झाल्या की कोकण म्हणजे फक्त भुतंखेतं असं दाखवताय म्हणून. दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची होती. मला वाटतं दोघांचंही बरोबर होतं. भाषा आमची घेतलीत तर भुतं पण आमची घ्या, त्यांच्या नियमासकट.

पर्णिका_वाशी

नमस्कार, मी बहुतेक इथे सगळ्यात लहान, २२. थोडं वेगळं मत, रागावू नका.

मी आहट पाहिलं ते २०१५ चं, शाळेत असताना. त्यात कॉम्प्युटरवर केलेलं बरंच असायचं, चेहरा वितळतो, हात लांब होतो. भीती नाही वाटायची, दचकायला व्हायचं, दर दोन मिनिटांनी धाडकन आवाज आणि तोंड कॅमेऱ्यात. धागा वाचून मी जुने चार-पाच एपिसोड पाहिले, खरं सांगू तर मला तेही भीतीदायक नाही वाटले. संथ वाटले. मला असं वाटतं की तुम्हाला भीती मालिकेची वाटत नव्हती, तुमच्या आजूबाजूला अंधार होता त्याची वाटत होती. गॅलरीच्या टोकाचा संडास, रिकामा सेक्टर, लोडशेडिंग, घरात एकच टीव्ही आणि एपिसोड चुकला तर पुन्हा बघायची सोय नाही. माझ्या घरात पॅसेजमध्ये सेन्सरचा लाइट आहे, मी पाय टाकला की लागतो. मला कुठून भीती वाटणार.

मला भीती वाटते ती सांगते. रात्री दीड वाजता सोसायटीची लिफ्ट आपोआप आमच्या मजल्यावर येते, दार उघडतं, आत कोणी नसतं, दार बंद होतं. रोज नाही, कधीकधी. टेक्निशियन म्हणाला सेटिंग असतं, लिफ्ट ठरावीक मजल्यावर येऊन थांबते. पटलं मला. तरी मी त्या आवाजाला जागी होते.

नेरुळचा_बंड्या

पर्णिका, अजिबात राग नाही, बऱ्याच अंशी बरोबर आहेस तू. अंधार आमचाच होता. पण बघ ना, तुझी लिफ्ट जशीच्या तशी एपिसोड आहे, त्यात भूत आणूच नये फक्त.

साउंडवाला_दादा

पर्णिकाने मुद्द्यावर बोट ठेवलंय. दचकणं आणि घाबरणं वेगळं आहे. दचकवायला आवाज एकदम मोठा केला की झालं, कुकरची शिट्टीपण दचकवते. पुढे पुढे तर आधीच्या शांततेलाच जागा ठेवायचे नाहीत, सगळीकडे म्युझिक, कारण शांतता असली की बघणारा चॅनल बदलेल अशी भीती वरच्यांना वाटायची. आम्ही रातकिडे लावायचो आणि वरून सांगणं यायचं की इथे रिकामं वाटतंय, काहीतरी टाका.

अजून एक. पैसे नसल्याने कधीकधी फायदा व्हायचा. नवीन अँगल म्हणजे पुन्हा लाइट लावणं, त्यात पाऊण तास जातो. म्हणून दिग्दर्शक हुशार असला तर एकच लांब शॉट घ्यायचा, माणूस जिन्यावरून उतरतो, पॅसेजमधून येतो, दारापाशी थांबतो, कट नाही. कट नसला की बघणाऱ्याला सुटका नाही, त्याच्याबरोबर चालावंच लागतं. आहटचे बी. पी. सिंग मुळात कॅमेऱ्याचे माणूस, त्यांनीच पुढे २००४ मध्ये सीआयडीचा १११ मिनिटांचा अख्खा भाग एका शॉटमध्ये केला, त्याचा विक्रम नोंदला गेला. लांब शॉटची ताकद माहीत असल्याशिवाय असं धाडस कोणी करत नाही.

पर्णिका, एक विनंती आहे, मीनलताई तुम्हालाही. एकदा पडदा झाकून नुसतं ऐकून बघा. खोलीतला पंखा बंद करा. मग सांगा.

उपवनकर

येऊरचा उल्लेख आला म्हणून. मी उपवनला तळ्याजवळ राहतो, माझे काका वर एका बंगल्यावर केअरटेकर होते, तिथे शूटिंग लागायचं. कॉलेजात असताना मी काकांचा डबा घेऊन पहाटे जायचो. एकदा पोचलो तर व्हरांड्यात पायरीवर एक हडळ बसलेली. पूर्ण मेकअप, एक डोळा पांढरा, गालावर जळल्याची कातडी लावलेली, आणि स्टीलच्या ग्लासातून चहा पीत होती, पण ग्लास ओठाला न लावता वरून ओतत, कातडी सुटू नये म्हणून. मला बघून म्हणाली, "बाळा, खालची पहिली बस किती वाजता रे?" मुलीचा पेपर होता म्हणे त्या दिवशी, डोंबिवलीला सात वाजेपर्यंत पोचायचं होतं, आणि एक शॉट राहिलाय म्हणून मेकअप उतरवता येत नव्हता. रात्रभर त्या धुरात उभ्या होत्या, खोकत होत्या सारख्या.

काका भुताला कधीच घाबरले नाहीत. ते म्हणायचे धूर सोडतात तोवर बरं आहे, युनिट गेलं की बिबट्या येतो. नॅशनल पार्कच आहे तो, कुत्री एकदम भुंकायची थांबली की काका दार लावून घ्यायचे. तेच, आवाज बंद होणं.

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. शेवटच्या पाट्या इतक्या भराभर जायच्या की टीव्हीवरही कधी वाचता आलं नाही.

प्रश्नचिन्ह_कळवा

उपवनकर, तुमची पोस्ट मी बायकोला वाचून दाखवली. रात्रपाळीताई, तुमचं लिहिलेलं मी वहिनीला पाठवलं आहे, आधी दोन दिवस विचार केला पाठवावं की नाही. तिने वाचलं. उत्तर आलं नाही, पण रात्री तिने फोन करून बायकोशी तासभर गप्पा मारल्या, बाळाच्या शाळेच्या, इकडच्या तिकडच्या. एवढंही खूप दिवसांनी झालं.

रात्रपाळी

दादा, बरं केलंत पाठवलंत. तिला कधी बोलावंसं वाटलं तर मला निरोप करा, मी येईन मुरबाडला.

मीनल_घोडबंदर

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद, धागा काढला तेव्हा असं काही होईल असं वाटलंच नव्हतं.

काल रात्री दादांनी सांगितलं तसं केलं. नवरा नाइटला होता. टीव्हीवर जुनी चादर टाकली, पंखा बंद, गॅलरीचं दार बंद, आणि आम्ही दोघी जमिनीवर गादीवर. पहिली पाच मिनिटं लेक चुळबुळत होती, म्हणाली हे काय रेडिओसारखं. मग एक बाई जिना चढायला लागली. पैंजण नाहीत, नुसत्या चपला, आणि एका चपलेचा आवाज दुसरीपेक्षा जरा जास्त, म्हणजे ती लंगडत होती बहुतेक, चित्रात हे आम्हाला कधी दिसलं नसतं. लेक माझ्याकडे सरकली. रातकिडे होते. मग गेले. आणि नेमका त्याच क्षणी आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडला, तो घुर्र आवाज सतत असतो ना, तो थांबला. आम्ही दोघी एकदम उठून बसलो. चादरीमागून उजेड हलत होता, काय चाललंय दिसत नव्हतं, आणि लेक कुजबुजली, "आई, आहेस ना?"

मी तिच्या शेजारीच होते, हात हातात होता. तरी विचारलंन.

चाळीतला किस्सा मी तिला कधी सांगितला नव्हता, इथे लिहिलेला पहिला भाग तेवढा तिला वाचून दाखवायचा राहिला होता. मग काल रात्री सांगितला. बराच वेळ जागलो. तिला आता ऐरोलीच्या काकांच्या चकव्याची गोष्ट स्वतः करायची आहे, चित्र नको म्हणते, फक्त आवाज. चपला, बांधावरचं गवत, कोंबडा आणि मध्ये ते किडे. गवतासाठी कोथिंबिरीची जुडी चालते का ते आज सकाळपासून बघतेय, अर्धी जुडी संपवली.

दादा, मोबाइलचा माइक चालेल का, की वेगळा घ्यावा लागेल?

साउंडवाला_दादा

चालेल. कोथिंबीर ओली आहे, तिच्यापेक्षा झाडूचा हीर घ्या, कोरडा. पंखा आणि फ्रिज दोन्ही बंद करा. आणि काही वाजवायच्या आधी रिकाम्या खोलीचा एक मिनिटभर आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, कोणीही हलायचं नाही, श्वासही हळू. तोच सगळ्यात जास्त कामाला येतो.